संगणकातील दफ्तरखाना

पुण्याच्या पेशवे दफ्तरात ज्यांनी कधी काम केले असेल, त्यांस हे पक्के ठाऊक असते की, लक्षावधी कागद रुमालांत बांधून जतन करणे ही एक गोष्ट, आणि त्यांतला हवा तो कागद हव्या त्या वेळी हाती लागणे ही अगदी निराळी गोष्ट. कोणता कागद कोणत्या रुमालात आहे याची याद नसेल, तर अवघे दफ्तर असून नसल्यासारखेच होय. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील मोठमोठ्या कंपन्या नेमक्या याच अडचणीत सापडल्या होत्या. त्यांचा जमाखर्च, गुदामातील मालाच्या नोंदी, गिऱ्हाइकांची खाती ही सारी भोके पाडलेल्या कार्डांवर असत, आणि एका गिऱ्हाइकाची बाकी पाहावयाची झाली तर कार्डांचा सबंध गठ्ठा यंत्रातून फिरवावा, नाही तर एखाद्या कारकुनाने ते कार्ड हाताने हुडकून काढावे, याखेरीज तरणोपाय नसे. पुढे चुंबकीय फीत आली आणि तिने जागा वाचविली. परंतु फितीच्या अखेरीस असलेल्या नोंदीपर्यंत पोहोचण्यास आधीची सारी फीत उलगडावीच लागे. दिवसभराची उलाढाल साठवून ठेवावी आणि ती एकदम हिशेबात चढवावी, ही वहिवाट त्या काळच्या कचेऱ्यांत पडली ती यामुळेच.

या अडचणीवर तोड काढावी म्हणून आयबीएम कंपनीने १९५२ साली रेनल्ड जॉन्सन या आपल्या अभियंत्यास कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे नवी प्रयोगशाळा उभारण्याकरिता पाठविले. जॉन्सन हे मूळचे मिशिगन प्रांतातील शाळामास्तर. पेन्सिलीने खुणा केलेल्या उत्तरपत्रिका विजेच्या साह्याने तपासणारे यंत्र त्यांनी शिक्षकी पेशात असतानाच रचले होते, आणि त्या यंत्रानेच त्यांस आयबीएमची दारे उघडून दिली होती. सॅन होजेच्या मंडळींनी नोंदी साठविण्याचे नाना मार्ग चाचपून अखेर फिरत्या तबकड्यांचा मार्ग पत्करला. ॲल्युमिनियमच्या तबकडीस दोन्ही अंगांनी लोहाच्या ऑक्साइडचा तांबूस रंग द्यावयाचा, आणि त्या रंगातील सूक्ष्म कणांना विद्युत्प्रवाहाने एका दिशेस अथवा तिच्या उलट दिशेस चुंबकित करून नोंद करावयाची, ही कल्पना सांगावयास सोपी. परंतु रंगाचा थर सर्वत्र सारखा बसावा कसा, हाच प्रथम मोठा पेच होता. रंग स्त्रियांच्या रेशमी मोज्यातून गाळून घ्यावा, कागदी पेल्यातून तो फिरत्या तबकडीच्या मध्याशी ओतावा, आणि गतीच्या जोरावर त्यास आपोआप कडेपर्यंत पसरू द्यावे, अशी युक्ति त्यांनी शोधून काढली. पुढे साऱ्या जगाचे दफ्तर ज्या विद्येच्या हवाली व्हावयाचे होते, तिचा आरंभ अशा साध्या हातचलाखीने झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सप्टेंबर १९५६ मध्ये हे यंत्र ‘रॅमॅक’ या नावाने जगापुढे आले. त्याच्या साठवणविभागात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच उभ्या दांड्यावर ओवलेल्या असून त्या मिनिटास १,२०० फेरे घेत. सर्व तबकड्या मिळून ५० लक्ष अक्षरे मावत, आणि या सरंजामाचे वजन सुमारे एक टन भरे. सबंध यंत्रणा कंपनी भाड्याने देई व महिन्यास ३,२०० डॉलर घेई. तबकड्यांच्या शेजारी एक भुजा वरखाली होई, योग्य त्या तबकडीपाशी थांबून आत शिरे, आणि अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक वेळात हवी ती नोंद काढून देई. १९५८ च्या ब्रुसेल्स येथील जागतिक प्रदर्शनात हे यंत्र प्रेक्षकांच्या इतिहासविषयक प्रश्नांना दहा भाषांतून उत्तरे देत होते, आणि १९५९ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर आलेल्या सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनाही सॅन होजेच्या कारखान्यात ते मुद्दाम दाखविण्यात आले. आज एखाद्या भ्रमणध्वनीने काढलेले एक छायाचित्रही त्या ५० तबकड्यांत मावेल किंवा न मावेल. परंतु रॅमॅकचे महत्त्व त्याच्या साठ्यात नव्हतेच. प्रत्येक नोंदीस स्वतःचा ठावठिकाणा असावा, अमुक तबकडी, तिच्यावरील अमुक वर्तुळ, त्या वर्तुळातील अमुक खंड असा, आणि यंत्राने मधल्या नोंदी न चाळता नेमके तेथेच जावे, ही जी व्यवस्था रॅमॅकने घालून दिली, तीच आजच्या हार्ड डिस्कमध्ये जशीच्या तशी नांदते आहे.

मग सत्तर वर्षांत बदलले ते काय? वेग म्हणाल, तर तो बदललेला नाही. रॅमॅकच्या तबकडीची कड ताशी सुमारे १३८ किलोमीटर वेगाने धावत असे. आजच्या मेजावरील संगणकातील साडेतीन इंची डिस्क मिनिटास ७,२०० फेरे घेते खरी, पण तिची तबकडी लहान असल्यामुळे कडेचा वेग ताशी सुमारे १२९ किलोमीटर, म्हणजे थोडा कमीच भरतो. जे बदलले ते तबकडी व तिच्यावरून फिरत नोंदी लिहिणारे-वाचणारे हेड यांमधील अंतर होय. हे अंतर जितके अधिक तितका चुंबकीय ठसा पसरट उमटतो व जागा अधिक खातो. हेड जितके जवळ आणावे तितके ठसे बारीक करता येतात व तितक्याच जागेत अधिक मजकूर बसतो. हार्ड डिस्कचा सबंध इतिहास हा, माझ्या मते, या एका अंतराच्या आकुंचनाचा इतिहास आहे, आणि बाकीच्या साऱ्या सुधारणा त्याच्या अनुषंगाने आलेल्या आहेत. रॅमॅकमध्ये हे अंतर सुमारे २०,००० नॅनोमीटर होते. एका मिलिमीटरात दहा लक्ष नॅनोमीटर मावतात, म्हणजे ते मिलिमीटरचा पन्नासावा भाग होते, आणि तेवढे राखण्यासाठीसुद्धा दाबाखालील हवा हेडमधून सतत फुंकावी लागे. आजच्या डिस्कमध्ये हेड तबकडीवरून पाच नॅनोमीटरांच्या आतबाहेर तरंगत असते, आणि प्रत्यक्ष वाचन-लेखनाच्या क्षणी तर हेडमधील सूक्ष्म तापक त्यास किंचित फुगवून ते अंतर एक-दोन नॅनोमीटरांवर आणतो. माणसाच्या केसाची जाडी अदमासे ८०,००० नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे बोटाचा ठसा, धुराचा कण किंवा साधी धूळ या जगात केवढा अडथळा ठरते, याची कल्पना येईल.

निकामी झालेली एक डिस्क दुरुस्तीच्या दुकानातून मागून घेऊन मी उघडून पाहिली आहे. झाकणावर षट्कोणी ताऱ्याच्या खाचेचे बारीक स्क्रू, त्यांतला एक लेबलाखाली दडलेला; आणि एका कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढे भोक, त्याच्या बाजूस ‘हे भोक बुजवू नये’ अशी ताकीद छापलेली. बाहेरच्या व आतल्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते भोक ठेवलेले असते, आणि त्याच्या आतील बाजूस धूळ अडविणारी गाळणी चिकटविलेली असते. झाकण निघताच प्रथम दिसते ती तबकडी: रॅमॅकच्या तांबूस रंगाचा मागमूस नाही, कारण आताचे चुंबकीय थर निर्वातात चढविलेल्या मिश्रधातूंचे असतात, आणि पृष्ठभाग इतका नितळ की आपला चेहरा त्यात यथास्थित पाहून घ्यावा. कडेला भुजा, तिच्या टोकाशी तिळाहून लहान हेड, आणि दुसऱ्या टोकाशी तांब्याच्या तारेचे वेटोळे. ते वेटोळे ज्या दोन लोहचुंबकांच्या मधे हालते, ते इतके प्रखर की एकमेकांस चिकटल्यावर बोटांनी सोडविता सोडवत नाहीत. वेटोळ्यातील विद्युत्प्रवाह किंचित कमीअधिक केला की भुजा त्या प्रमाणात हालते, आणि तबकडीवर कारखान्यातच कोरून ठेवलेल्या खुणा वाचीत वाचीत हेड आपली जागा क्षणोक्षणी दुरुस्त करून घेते.

हे हेड तरंगते कसे? त्यास वर उचलणारी कोणतीही कळ नाही. तबकडी वेगाने फिरू लागली की तिच्या पृष्ठास बिलगलेला हवेचा पातळ थर तिच्याबरोबर ओढला जातो, हेडच्या विशिष्ट घडणीच्या तळाखाली दाबला जातो, आणि त्या दाबाने हेड वर उचलून धरले जाते. भुजेची स्प्रिंग त्यास खाली रेटते, हवा त्यास वर रेटते, आणि या दोहोंच्या समतोलात ते स्थिर राहते. आयबीएमच्या १९६१ च्या यंत्रात ही युक्ति प्रथम साधली, प्रत्येक पृष्ठास स्वतंत्र हेड मिळाले, आणि बाहेरून हवा फुंकण्याची दगदग संपली. नवलाची गोष्ट अशी की, साध्या हवेतील एक रेणू दुसऱ्यावर आदळण्यापूर्वी सरासरीने ६५ ते ७० नॅनोमीटर प्रवास करतो, आणि हेडखालची पोकळी त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही उथळ असते. तेथे हवा ही सलग प्रवाही वस्तु राहतच नाही. सुट्या रेणूंच्या आघातांवर सारा तोल सांभाळला जातो. विरळ हवेत हा तोल ढळतो, म्हणून साधारण डिस्कच्या माहितीपत्रकात समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटरपर्यंतच वापरावी अशी मर्यादा दिलेली असते. लेह शहर याहून उंचावर आहे, आणि लडाखला जाणाऱ्यांनी ही मर्यादा ध्यानात ठेवलेली बरी. २०१३ पासून मोठ्या क्षमतेच्या डिस्क पूर्णपणे बंद करून त्यांत हीलियम भरण्याची रीत आली. हा वायु हवेच्या सातव्या हिश्शाइतकाच दाट असल्यामुळे तबकड्या कमी थरथरतात, त्या अधिक पातळ करता येतात, आणि तेवढ्याच पेटीत अधिक बसतात. अशा डिस्कला ते श्वासाचे भोक नसते.

१९७३ साली आयबीएमने ‘विंचेस्टर’ या टोपणनावाची जी डिस्क काढली, तिने हेड व तबकडी एकाच बंद पेटीत कायमची एकत्र ठेवली. तोवर तबकड्यांचा जुडगा यंत्रातून काढून दुसरा बसविता येत असे, आणि प्रत्येक अदलाबदलीत धूळ आत शिरत असे. पेटी बंद झाल्यावर अंतर कमी करण्यास मोकळीक मिळाली, आणि यंत्राचे आकारमान झपाट्याने उतरू लागले. १९८० साली सीगेट कंपनीने सव्वापाच इंची, ५ मेगाबाइटची डिस्क १,५०० डॉलरना विकावयास काढली. १९८३ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात १० मेगाबाइटची डिस्क बसून आली, आणि त्याच वर्षी स्कॉटलंडच्या रोडाइम कंपनीने साडेतीन इंची डिस्क बनविली. तो आकार आजतागायत चालू आहे.

ठसे बारीक होत गेले तसे ते वाचणे दुर्घट होऊ लागले, आणि येथे भौतिकशास्त्राने मोठे साह्य केले. १९८८ साली फ्रान्समध्ये आल्बेअर फेर्त यांस, आणि जर्मनीतील युलिश येथे पेटर ग्र्युनबेर्ग यांस, स्वतंत्रपणे असे आढळले की लोह व क्रोमियम यांचे अवघ्या काही अणूंच्या जाडीचे थर एकावर एक रचले असता, बाह्य चुंबकीय क्षेत्रातील बदलाने त्यांचा विद्युत्‌रोध अपेक्षेहून कितीतरी अधिक बदलतो. ही निव्वळ ज्ञानासाठी केलेली शोधयात्रा. परंतु १९९७ साली याच तत्त्वावरील हेड आयबीएमच्या डिस्कमध्ये बसून बाजारात आले, आणि २००७ साली दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगशाळेतील मूलभूत शोध दहा वर्षांच्या आत घरोघर पोहोचल्याची अशी उदाहरणे विरळाच. जपानच्या तोहोकु विद्यापीठातील शुनइचि इवासाकि यांना मात्र धीर धरावा लागला. चुंबकीय कण तबकडीवर आडवे निजविण्याऐवजी उभे करावेत, म्हणजे ते दाटीने बसतील व आपली दिशाही टिकवून धरतील, हा त्यांचा आग्रह १९७० च्या दशकातला. त्या पद्धतीची डिस्क तोशिबाने विक्रीस आणली ती २००५ साली. आता त्यापुढचा टप्पा चालू आहे. कण फार लहान झाले की खोलीतील साध्या उष्णतेनेही त्यांची चुंबकीय दिशा उलटू लागते. म्हणून लोह व प्लॅटिनम यांचा, दिशा सहसा न बदलणारा मिश्रधातु वापरावयाचा, आणि लिहिण्याच्या क्षणापुरता तेवढाच ठिपका लेझरने ४०० अंश सेल्सियसच्या वर तापवून त्यास वठणीवर आणावयाचे. रॅमॅकच्या एका चौरस इंचात २,००० बिट मावत; आज एक लक्ष कोटींहून अधिक मावतात, म्हणजे ५० कोटी पट.

विकत घेतलेल्या डिस्कवर एक टेराबाइट छापलेले असून संगणक मात्र ९३१ गिगाबाइटच दाखवितो, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते, आणि दुकानदाराने फसविले असा गिऱ्हाइकाचा समज होतो. तसे काही नाही. कारखानदार दशमान पद्धतीने एक लक्ष कोटी बाइट मोजून देतो, आणि विंडोज ही प्रणाली तीच संख्या १,०२४ ने पुनःपुन्हा भागून सांगते. माप दोन, माल एकच.

फाइल ‘डिलीट’ केली असता काय होते, याविषयीचा गैरसमज मात्र अधिक हानिकारक आहे. डिस्कवरच संगणकाने एक याद राखलेली असते: कोणत्या नावाची फाइल कोणकोणत्या खंडांत आहे, आणि कोणते खंड रिकामे आहेत. फाइल पुसण्याचा हुकूम सुटला की यादीतली नोंद खोडली जाते व ते खंड रिकामे म्हणून दाखल होतात. मूळ कागद रुमालात तसाच पडून राहतो, त्या जागेवर दुसरा मजकूर लिहिला जाईपर्यंत. चुकून पुसलेली छायाचित्रे जाणकारास परत मिळविता येतात ती यामुळेच, आणि जुना संगणक विकणाऱ्याचे बँकेचे कागद परक्याच्या हाती पडतात तेही यामुळेच. पहिल्या प्रसंगी त्या डिस्कवर काहीही नवे न लिहिता संगणक तत्काळ बंद करावा. दुसऱ्या प्रसंगी केवळ वरवरचे ‘फॉरमॅट’ न मारता सबंध डिस्कवर नवा मजकूर लिहून मगच ती हातावेगळी करावी.

अलीकडील लॅपटॉपांत मात्र तबकडी नाहीच. तेथे एसएसडी असते, आणि तिचा पाया १९६७ साली बेल प्रयोगशाळेतील दावोन कांग व सायमन झे यांनी घातला: विद्युत्‌रोधक थरांनी चहूकडून वेढलेल्या सूक्ष्म पट्टीत इलेक्ट्रॉन कोंडावयाचे, आणि ते आहेत की नाहीत यावरून नोंद वाचावयाची. जपानमध्ये तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात त्यास फ्लॅश स्मृतीचे रूप दिले. हेड जागेवर जाईपर्यंत, आणि तबकडी फिरून हवा तो खंड हेडखाली येईपर्यंत, जो मिलिसेकंदांचा खोळंबा हार्ड डिस्कमध्ये अटळ असतो, तो येथे नाहीसा झाला. संगणक चुटकीसरशी सुरू होतो त्याचे कारण हेच. परंतु या पद्धतीचेही स्वतःचे दुखणे आहे. लिहिणे थोडथोडे होते, पुसणे मात्र मोठ्या गटागटाने; आणि प्रत्येक पुसण्यासरशी तो रोधक थर किंचित झिजतो. एका पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या जुन्या जातीस अशी लाखभर पुसणी सोसत. तीन-चार बिट कोंबणाऱ्या आजच्या स्वस्त जातीस हजाराच्या घरातली सोसतात. म्हणून एसएसडीतील नियंत्रक लेखनाचा भार सर्व गटांवर सारखा वाटीत राहतो, आणि संगणकाने फाइल पुसल्याची वर्दी देताच ती जागा सवडीने खरोखरच साफ करून ठेवतो. हार्ड डिस्कवरील पुसलेला कागद परत मिळण्याची जी आशा असते, ती येथे सहसा धरू नये. शिवाय कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू पाझरतात, जुन्या झिजलेल्या एसएसडीत आणि उष्णतेत अधिकच. म्हणून ती वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवण्याची वस्तु नव्हे.

वेगासाठी एसएसडी आणि मोठ्या साठ्यासाठी हार्ड डिस्क, हा माझा कौल. परंतु एकट्या कोणत्याही एका डिस्कवर सर्वस्व सोपविणे मला मान्य नाही. एक-दोन नॅनोमीटरांच्या अंतरावर चालणारे यंत्र एखाद्या धक्क्याने केव्हा कोसळेल, आणि एसएसडीतला नियंत्रक पूर्वसूचना न देता केव्हा मुका होईल, हे कोणीही सांगू शकत नाही. आज सातबाऱ्याचा उतारा, मुलांच्या गुणपत्रिका, मृत आईवडिलांचे आवाज आणि उभ्या आयुष्याचे लेखन अशाच पेट्यांत असते. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर ती पुनःपुन्हा चालू करून पाहू नये, आणि झाकण घरी तर मुळीच उघडू नये. वीज तोडून ती जाणत्याच्या स्वाधीन करावी. परंतु ती वेळ येण्याची वाट तरी का पाहावी? जे गमावणे आपणांस परवडणार नाही, त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि आणखी एक घराबाहेर कोठे तरी ठेवावी. नसेल तर ती आजच करावी, आणि केलेली प्रत प्रत्यक्ष उघडते की नाही, हे वर्षातून एकदा तरी स्वतः पाहावे.